मध्येच थांबणारे चित्रीकरण : मेमरी कार्डाच्या निवडीचे एक प्रकरण

माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणतो, गेली काही वर्षे पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवते. मातीच्या उभ्या काठात बीळ करून राहिलेल्या खंड्याच्या एका जोडीवर ती तीन आठवडे लक्ष ठेवून होती, आणि पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस जवळ आल्यावर रोज पहाटे आडोशात बसून चित्रीकरण करत होती. त्या आठवड्यात कॅमेरा चार वेळा मध्येच थांबला. दर वेळी पडद्यावर एकच सूचना आली, की कार्डावर लिहिण्याचा वेग अपुरा पडल्याने चित्रीकरण बंद केले आहे. तिसऱ्या वेळी ती सूचना वाचून, ती घालवून, पुन्हा बटण दाबेपर्यंत बिळाच्या तोंडाशी आलेले पिल्लू उडून गेले होते. तीन आठवड्यांची मेहनत ज्या क्षणासाठी होती, तोच क्षण हातातून गेला होता, आणि म्हणून हे प्रकरण मी मुळापासून तपासायचे ठरवले.

साहित्य असे होते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, कार्डासाठी एकच स्लॉट असलेला. ताई ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दर्जावर करत असे. कार्ड १२८ जीबीचे मायक्रोएसडी होते आणि ते अडॅप्टरमध्ये घालून वापरले जात होते. कॅमेरा घेताना विक्रेत्याने पिशवी आणि तिकाटण्यासोबत ते दिले होते. कार्डावर ठळक अक्षरांत ‘१७० एमबी प्रति सेकंद’ असे छापलेले होते, आणि ताईचा सगळा विश्वास या आकड्यावर होता. तिचे म्हणणे साधे होते : हेच कार्ड आधीचे दोन महिने विनातक्रार चालले, तेव्हा ते आता खराब झाले असणार, आणि नवे घ्यायचे तर उगीच काटकसर करू नये. “अरे, सगळ्यात वरचं, ते नव्वदवालंच घेऊन टाकू या, म्हणजे पुन्हा हा प्रश्नच नको,” असे ती म्हणाली. ‘नव्वदवालं’ म्हणजे व्ही ९० अशी खूण असलेले कार्ड. ती मागणी देत होती, तेवढ्यात मी तिला दोन दिवस थांबायला सांगितले.

ती घाई मला रास्त वाटली नाही, कारण कार्ड नेमके कशात कमी पडले हे अजून कळलेच नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होण्याची पुरेपूर शक्यता होती.

आधी जी कारणे नसावीत असे वाटत होते, ती बाजूला काढली. कॅमेरा तापून बंद पडतो हे खरे, पण तेव्हा सूचना तापमानाची येते, आणि हे चारही प्रसंग पहाटेच्या गारव्यातले होते. बॅटरी तर निम्म्याहून अधिक भरलेली होती. फाइलच्या आकारमानाची मर्यादा ही शंका जरा अधिक विचार करण्याजोगी होती. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फायली साठवण्याची एफएटी३२ ही मांडणी असते आणि तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १०० मेगाबिटच्या दर्जाला ४ जीबी भरायला पावणेसहा मिनिटे लागतात, म्हणजे ही मर्यादा आड येत असती तर गडबड त्याच सुमारास झाली असती. ताईच्या चार फायलींची लांबी मात्र पावणेदोन मिनिटे, चार मिनिटे, सव्वासात मिनिटे आणि अकरा मिनिटे अशी वेगवेगळी होती. शिवाय ३२ जीबीच्या पुढची कार्डे एसडीएक्ससी प्रकारातली असतात, त्यांवर एक्सफॅट ही मांडणी असते आणि तिथे ही अडचण उरत नाही. तेव्हा कॅमेऱ्याची सूचना जे सांगत होती, तेच खरे धरून पुढे जायचे होते : लिहिण्याचा वेग अपुरा पडला. आता प्रश्न एवढाच, की कॅमेऱ्याला किती वेग हवा होता आणि कार्डाने किती कबूल केला होता.

पहिल्या निम्म्याचे उत्तर साध्या भागाकारात आहे, पण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. कॅमेऱ्याच्या यादीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डावरचा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ताईच्या कार्डावरचे १७० आणि कॅमेऱ्याचे १०० हे आकडे शेजारीशेजारी ठेवून ‘कार्ड दीडपटीहून जास्त वेगवान आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक होते. आणि गंमत अशी, की दोन्हींचे एकक सारखे करून घेतल्यावर कार्ड उलट अधिकच बलवान वाटू लागते, कारण १७० विरुद्ध साडेबारा! मग ते थांबले का?

कारण १७० हा वाचनाचा वेग होता. आकड्याच्या आधी बारीक अक्षरांत ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द होता आणि तो वेग कार्डावरून संगणकात फायली घेतानाचा होता. त्यातही एक मेख आहे. या कार्डावर रोमन ‘एक’ ही खूण होती, म्हणजे ते यूएचएस-१ प्रकारचे होते, आणि त्या प्रकारच्या जोडणीची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. तिच्यापुढचा वेग उत्पादक आपल्या खास पद्धतीने मिळवतात आणि तो अनुभवायला त्या पद्धतीला जुळणारा रीडर, म्हणजे कार्ड संगणकाला जोडणारे उपकरण, लागतो. कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये तो आकडा कधीच दिसणार नव्हता. ठळक आकडा खोटा नव्हता. चित्रीकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता, इतकेच.

कार्डाचा खरा शब्द लहान खुणांमध्ये असतो, म्हणून मी भिंग घेऊन बसलो. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या कार्डावर, १५ बाय ११ मिलिमीटरच्या जागेत, चार खुणा होत्या. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आत १०. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या पोटात १. रोमन एक. आणि ‘ए १’. ज्या खुणेची मी वाट पाहत होतो, ती ‘व्ही’ने सुरू होणारी खूण कुठेच नव्हती. सी १० आणि यू १ या दोन्ही खुणांचा अर्थ एकच होतो : सलग लिहिताना हे कार्ड सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. कॅमेऱ्याची मागणी साडेबाराची होती. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच या कार्डाने हे काम कबूल केलेले नव्हते. काही कॅमेरे असे कार्ड पाहून वरच्या दर्जाचे चित्रीकरण सुरूच करू देत नाहीत. ताईचा कॅमेरा सुरू करू देत होता आणि वेग तुटला की थांबत होता.

मग दोन महिने ते कसे चालले? ताईने हाच प्रश्न मला तीनदा विचारला, आणि तो विचारण्याजोगाच होता. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या उत्तरात आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

कार्डातली फ्लॅश स्मृती कागदाच्या वहीसारखी हवी तिथे खोडून हवे ते लिहू देत नाही. ती लहान पानांमध्ये लिहिली जाते, पण पुसली जाते ती अशा अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्यांनी, आणि एकदा लिहिलेल्या पानावर गठ्ठा पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. कार्ड कोरे असते तेव्हा रिकामे गठ्ठे ओळीने पुढे असतात, कार्डातला नियंत्रक ते भराभर भरत जातो, आणि यू १चे कार्डही सहज ३० एमबीचा वेग देते. आता ताईची सवय पाहा. आडोशात बसल्याबसल्या ती नको असलेल्या फिती एकेक करून कॅमेऱ्यातच पुसत असे. घरी आल्यावर निवडक फायली संगणकावर घेऊन तेवढ्याच कार्डावरून काढत असे आणि बाकीच्या ‘असू देत’ म्हणून ठेवत असे. दोन महिन्यांत तिने कार्ड एकदाही फॉरमॅट केले नव्हते. त्यामुळे मोकळी जागा एकसंध न राहता ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांनी विखुरली. अर्धवट भरलेल्या गठ्ठ्यात लिहायचे, तर त्यातली राखायची पाने आधी दुसरीकडे हलवायची, मग गठ्ठा पुसायचा, मग लिहायचे, असे नियंत्रकाचे काम दुप्पट-तिप्पट होते. हे चालू असताना कॅमेऱ्याकडून सेकंदाला साडेबारा एमबी येतच राहतात. कॅमेऱ्याच्या आतली तात्पुरती साठवण, म्हणजे बफर, काही क्षण सांभाळून घेते. ती भरली की थांबण्याशिवाय गत्यंतर नसते. विखुरलेला भाग कधी लवकर वाट्याला येतो, कधी उशिरा, म्हणून एकदा पावणेदोन मिनिटांत आणि एकदा अकरा मिनिटांनी चित्रीकरण तुटले. खुणेने दिलेली हमीसुद्धा नीट फॉरमॅट केलेल्या कार्डाच्या मोकळ्या, सलग जागेपुरती असते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

तर्क पटला, तरी तो तपासून पाहणे भाग होते. कार्डावरच्या सगळ्या फायलींच्या दोन प्रती आधी वेगळ्या ठिकाणी काढून ठेवल्या, कारण चाचणीत कार्डावर सतत लिहायचे असते आणि त्यात जुने काही हरवले तर ते परत मिळण्याची खात्री नसते. मग कार्ड होते त्याच अवस्थेत ठेवून उरलेल्या जागेत प्रत्येकी १ जीबीच्या फायली लिहीत गेलो आणि प्रत्येक फाइलीला लागलेला वेळ टिपला. पहिल्या काही फायली ३० ते ३५ सेकंदांत उतरल्या, म्हणजे वेग सुमारे ३० एमबी. नंतर एक फाइल ६१ सेकंदांना गेली, आणि पुढच्या दोहोंना अनुक्रमे ११२ आणि १०७ सेकंद लागले. ११२ सेकंदांत १ जीबी म्हणजे सेकंदाला जेमतेम ९ एमबी. सरासरी काढली असती तर ती वीसच्या वर आली असती आणि कार्ड निर्दोष ठरले असते. चित्रीकरण मात्र सरासरीवर चालत नाही, ते सर्वांत वाईट क्षणावर टिकते किंवा तुटते. दोष अडॅप्टरचा असेल, अशीही एक शंका होती, कारण अडॅप्टरमुळे धातूच्या संपर्काची आणखी एक जागा मध्ये येते. दुसऱ्या अडॅप्टरमध्ये घालून पाहिले. आकडे तसेच आले.

त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केले आणि हीच चाचणी संपूर्ण १२८ जीबीवर केली. आता सर्वांत मंद फाइल ७४ सेकंदांची निघाली, म्हणजे साडेतेरा एमबी. ताईला हायसे वाटले : साडेबारा हवे आहेत आणि साडेतेरा मिळताहेत, तर फॉरमॅट करत राहिले म्हणजे झाले! मी याला ठाम नकार दिला. १०० मेगाबिट हा चित्रीकरणाचा ढोबळ दर आहे. पाण्याचे तरंग, वाऱ्याने हलणारी पाती अशा तपशिलांनी भरलेल्या दृश्यात तो क्षणभर वर जाऊ शकतो, आणि एका एमबीच्या फरकावर पिल्लाच्या उड्डाणाची भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय ते साडेतेरा त्या दिवशी मिळाले होते. कार्डाची हमी दहाचीच होती, आणि हमीच्या वर जे मिळते ते आज आहे तर उद्या नाही.

याच वेळी ताईची आणखी एक जुनी तक्रार पुढे आली, जी तिने कार्डाशी कधी जोडलीच नव्हती. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा ती बर्स्ट पद्धतीने, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग एक, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, मोठ्या आकारमानाचे) फोटो काढते. कार्डाच्या झाकणाशेजारचा लाल दिवा त्यानंतर बराच वेळ लुकलुकत राही, आणि तो विझेपर्यंत कॅमेरा चित्रीकरणाकडे वळू देत नसे. तिला वाटे, कॅमेऱ्याचा स्वभावच तसा. हिशोब केला. एक रॉ फोटो सुमारे २५ एमबीचा, सेकंदाला दहा फोटो, म्हणजे सेकंदाला २५० एमबी. या कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये बसणारे कुठलेच कार्ड एवढा वेग झेलू शकत नाही, त्यामुळे सगळा भार आधी बफरवर पडतो आणि कार्डाचे काम तो बफर रिकामा करण्याचे असते. पन्नास फोटोंचे १,२५० एमबी ३० एमबीच्या वेगाने उतरायला चाळीस सेकंदांहून अधिक लागतात. विखुरलेल्या कार्डावर तर मिनिटाच्याही वर. म्हणजे नव्या कार्डाकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या : चित्रीकरणासाठी खालची हमी, आणि फोटोंसाठी लिहिण्याचा प्रत्यक्ष वेग. वाचनाच्या वेगाची गरज फक्त घरी फायली उतरवून घेताना होती, आणि तेव्हा ताईला घाई नसते.

आता व्ही ९०चा विचार. व्ही पाठोपाठ येणारा आकडा चित्रीकरणातल्या किमान लेखनवेगाचा असतो : व्ही ३० म्हणजे ३० एमबी, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. व्ही ९०ची कार्डे यूएचएस-२ प्रकारची असतात आणि त्यांच्या पाठीवर धातूच्या संपर्कांची दुसरी ओळ असते. तिच्या जोरावर त्यांचा वेग ३१२ एमबीच्या मर्यादेपर्यंत जाऊ शकतो. पण ती ओळ जिथे टेकायची, ते संपर्क स्लॉटमध्येही असावे लागतात. ताईच्या कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये टॉर्चचा उजेड टाकून मी तिला दाखवले : पितळी रंगाच्या पट्ट्यांची एकच रांग. माहितीपुस्तिकेतही यूएचएस-१ असेच लिहिले होते. व्ही ९०चे कार्ड त्यात चालले असते, पण जुन्या मर्यादेच्या आत, आणि जादा मोजलेल्या पैशांचा मोबदला मिळाला असता तो संगणकापाशी, तोही यूएचएस-२चा रीडर घेतला तर. पुढेमागे कॅमेरा बदलायचा असता तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. तसा तिचा विचार नव्हता.

व्ही ३० मात्र नेमके बसत होते. मागणी साडेबाराची, हमी तीसची, म्हणजे जवळजवळ अडीचपट मोकळीक. त्यातही पूर्ण आकाराचे एसडी कार्ड घ्यायचे ठरवले. अडॅप्टरचा दोष सिद्ध झाला नव्हता, पण ज्या दुव्याची गरजच नाही तो मध्ये ठेवायचा कशाला?

किती जीबीचे घ्यायचे, यावर आमची खरी चर्चा झाली. सर्वसाधारण सल्ला असा, की एका मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन लहान कार्डे घ्यावीत, म्हणजे एक बिघडले तरी सगळे जात नाही. मी स्वतः लग्नकार्यातले फोटो काढणाऱ्यांना हेच सांगतो. पण ताईच्या कामात हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. आडोशात बसल्यावर कार्ड बदलायचे म्हणजे कॅमेरा तिकाटण्यावरून सैल करायचा, झाकण उघडायचे, आणि या हालचालीने पक्षी बिचकून घरट्याकडे यायचे टाळतात. तिला एक पहाट एकाच कार्डात मावायला हवी. दीड तासाचे चित्रीकरण मिनिटाला पाऊण जीबीप्रमाणे साडेसदुसष्ट जीबी होते, आणि सहाशे रॉ फोटोंचे पंधरा जीबी, मिळून साडेब्याऐंशी. ६४ जीबी अपुरे, १२८ जीबी पुरेसे, आणि २५६ घेतले तर फायली दिवसेंदिवस कार्डातच पडून राहण्याची जुनी सवय पुन्हा बळावणार. म्हणून १२८ जीबीची दोन कार्डे, एकाआड एक दिवस वापरायची, असे ठरले. एका दिवसाचे कार्ड दोन ठिकाणी उतरवून झाल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही, आणि फॉरमॅट करायचे ते कॅमेऱ्यातच. आडोशात बसून एकेक फीत पुसणे बंद. (१२८ जीबीचे कार्ड संगणकावर ११९ दिसते म्हणून ताई पुन्हा धास्तावली होती. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४च्या, त्यामुळे हा फरक दिसतो.)

नवी कार्डे हातात आल्यावर लगेच घरट्यावर न्यायची नाहीत, यावर मी अडून बसलो. बनावट कार्डांचा धोका खरा आहे आणि तो वरून दिसत नाही. अशा कार्डातला नियंत्रक संगणकाला १२८ जीबी असल्याचे सांगतो, पण आत स्मृती कितीतरी कमी असते. तेवढी भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते, आणि पुढचे लिखाण एकतर आधीच्यावर चढते किंवा कुठेच उतरत नाही. फायलींची नावे दिसतात, आत काही नसते. म्हणून कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून ताडून पाहायचे, हीच खरी परीक्षा. यासाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही दोन मोफत साधने उपलब्ध आहेत. मी एफ३ वापरले. दोन्ही कार्डांवर लिहिलेले सगळे जसेच्या तसे परत मिळाले. मग जुन्याच पद्धतीने १ जीबीच्या फायलींचा वेळ मोजला : सर्वांत मंद फाइल १५ सेकंदांची, म्हणजे सुमारे ६६ एमबी.

त्यानंतर कॅमेऱ्यातली चाचणी. तिकाटण्यावर कॅमेरा खिडकीसमोर लावला, विजेच्या जोडणीवर ठेवला, आणि ४के चित्रीकरण कार्ड भरेपर्यंत चालू दिले. हा कॅमेरा एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त चित्रीकरण करत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने बटण पुन्हा दाबावे लागले. एकूण पावणेतीन तासांहून थोडे जास्त चालले. एकदाही खंड पडला नाही. मग कार्ड रिकामे करून बफर भरेपर्यंत बर्स्ट घेतला आणि ताईने हातात घड्याळ घेऊन लाल दिव्याकडे पाहिले. अठरा सेकंदांत दिवा विझला.

त्या मोसमातली पिल्ले तोवर उडून गेली होती. पुढच्या मोसमात त्याच काठावर, जुन्या बिळापासून हातभर अंतरावर, नवे बीळ दिसले. ताई अकरा पहाटा तिथे बसली, आणि नवव्या पहाटे पहिले पिल्लू बाहेर आले, तेव्हा चित्रीकरण तेवीस मिनिटे सलग चालू होते आणि पुढेही चालू राहिले. आईबाप समोरच्या फांदीवर मासा धरून बसले आहेत, पिल्लू दोनदा बिळात मागे सरते आणि तिसऱ्या वेळी झेप घेते, हे सगळे त्यात आहे.

जुने मायक्रोएसडी कार्ड फेकले नाही. त्याच्यावरची जी ‘ए १’ खूण कॅमेऱ्याच्या काही कामाची नव्हती, ती लहानलहान नोंदी वेगाने वाचण्या-लिहिण्याची हमी देते : सेकंदाला किमान १,५०० वाचने आणि ५०० लेखने. असे काम हातात धरून खेळायच्या यंत्रात किंवा फोनमध्ये पडते, जिथे एका मोठ्या सलग फाइलीऐवजी हजारो बारीक फायली चाळल्या जातात. ते आता भाच्याच्या खेळाच्या यंत्रात आहे आणि तिथे त्याच्याबद्दल कसलीही तक्रार नाही.